बिनचालीचं मंडळ

चार जुनी माणसं जमली की किस्से कापसाच्या गंजीसारखे होतात. खालचा एक उपसायला जावं, तर वरचे दहा अंगावर! आमच्या मंडळाचं तसंच आहे. साठ सालाच्या आसपास आम्ही तिघांनी अमरावती-अकोल्याकडचे मांडव दणाणून सोडले होते. नामदेव अकोल्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. तो जागच्या जागी बोल जुळवायचा, रहमान डफ वाजवायचा आणि मी, शाळामास्तर, रॉकेलचा रिकामा डबा बडवायचो. सूर नाही, चाल नाही. नामदेव ठेक्यावर वऱ्हाडीत नुसतं बोलायचा! ठेकाही त्यानं जिनाच्या यंत्रावरून उचललेला.

त्याचे वडील, आबा, नावाजलेले भजनी. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "चाल नाई त्याले गानं मनत नाईत. मी नाई आयकत!" नामदेव उभा राहिला की आबा पागोटं सावरत मांडवाबाहेर. नामदेव वरवर हसायचा, पण ते त्याला फार लागायचं. टाळ्या कितीही पडोत, त्याची नजर आबांच्या रिकाम्या जागेवर असायची.

*

अमरावतीतला आमचा पहिला कार्यक्रम. अध्यक्ष एक वकीलसाहेब. पंधरा मिनिटं आम्ही जीव तोडून वाजवलं, नामदेव घामानं निथळला. साहेबांनी मान डोलावली.

"प्रस्तावना छान झाली. आता गाणं सुरू करा!"

"साहेब," नामदेव म्हणाला, "गानं संपलं!"

लोक एवढे हसले की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. गावानं नाव ठेवलं, बिनचालीचं मंडळ. आम्ही तेच डफावर रंगवून घेतलं.

*

अचलपूरला एका लग्नात नामदेवनं वऱ्हाड्यांवर बोल रचले. कोणाचं पोट, कोणाचा कोट, कोणाचं घोरणं, काही सोडलं नाही. मी भीतभीत डबा वाजवत होतो, म्हटलं आता मार पडतो! कार्यक्रम संपला आणि खरंच नवरदेवाचा मामा तावातावानं आला.

"कावून बे, माह्या नावाचा एक बी बोल नाई? मी का रस्त्यावर पडलो हाव?"

त्याच्यावर दोन कडवी झाली, तेव्हा कुठे मामा जेवायला बसला.

*

एका खेड्यात माझा डबा ओट्यावर ठेवून मी हातपाय धुवायला गेलो. घरच्या बाईंना वाटलं, मास्तर शाळेच्या पोरांसाठी धान्य मागायला आले. त्यांनी डबा काठोकाठ तुरीनं भरून टाकला! ऐन वेळी मी थाप मारली, तर आवाजच नाही.

"नामदेव, वाजत नाही रे!"

"वाजू नोको देऊ, मास्तर! रिकामा केला तं बाईले वाईट वाटन."

त्या दिवशी मी पाट वाजवला.

*

एका स्पर्धेला पुण्याचे परीक्षक होते. फार गोड माणूस. म्हणाले, "बोल उत्तम आहेत हो, पण यांना एखादी चाल बसवा."

नामदेवनं हात जोडले. "चाल बसवली तं बोल उठून जातीन, साहेब!"

परीक्षक खो खो हसले आणि पहिला नंबर आम्हाला दिला. नामदेव ढाल घेऊन घरी गेला, तेव्हा आबा म्हणे भिंतीकडे तोंड करून निजले होते.

*

आणि कौंडण्यपूरची जत्रा! पंचांनी सवाल-जवाबाच्या बारीत आबांच्या मंडळासमोर नेमकं आम्हाला उभं केलं. उठून जावं तर हार, म्हणून आबा आपली खंजिरी घेऊन बसले. रीत अशी, की सवाल टाकल्यावर सात थापांच्या आत जवाब आला नाही तर जवाब देणाऱ्यानं आपलं वाद्य समोरच्याला द्यायचं. जवाब आला तर विचारणाऱ्यानं द्यायचं. पुराणातला कुठलाही सवाल आबा चालीत सोडवायचे. नामदेवनं पुराण बाजूला ठेवलं.

"बाप मोठा का लेक मोठा,
सभा बसली आयकाले;
वजन करा तराजूत,
मंग सांगा या लेकाले!"

पहिली थाप पडली. पेटीवाल्यानं आबांना सूर दिला. आबांनी तोंड उघडलं, मिटलं. दुसरी चाल, तिसरी चाल, एकीतही शब्द बसेना. रहमान बिचारा थापा लांबवत होता. नामदेवचा चेहरा पांढराफटक. बापाची खंजिरी भर जत्रेत आपल्या हातात येणार!

सहावी थाप. आबांनी हातानं पेटी थांबवली, मांडीवर ठेका धरला आणि नुसतं बोलले,

"तू आला ज्या दिशी जलमाले,
बाप मी झालो त्या घडीले;
एका दिवसाचे दोघं आपन,
मोठा मनू मंग कोनाले?"

जत्रा उसळली! पागोटी हवेत उडाली! नामदेवनं रहमानच्या हातातला डफ हिसकावला आणि नाचत जाऊन आबांच्या मांडीवर ठेवला. "हारलो! हारलो!" असं ओरडत होता आणि डोळ्यांतून धारा.

"डफ माहा हाय ना बे!" रहमान मागून बोंबलला.

आबांनी डफावर बोटं फिरवली, एक थाप मारून पाहिली आणि म्हणाले, "बस इथीसा. टाक दुसरा सवाल!"