बंजारी कुत्रीची ओळख

पुसदजवळच्या तांड्यावर मी बंजारी कुत्र्याचं पिल्लू मागायला गेलो, तेव्हा नवा पटवारी होतो आणि तोऱ्यातही होतो. बाजेवर बसलेल्या म्हातारीनं आधी पिल्लाची आई दाखवली. लांब तोंड, उंच पाय आणि मोजून घ्याव्यात अशा फासळ्या.

"उपाशी ठेवता का हिले?" मी विचारलं.

म्हातारीनं तंबाखू थुंकून माझ्या पोटाकडे पाहिलं. "थे सशामागं धावते. तुमी कायच्या मागं धावता?" तिनं कुत्रीची दोरी माझ्या हातात दिली. "फिरवून आना. वळख होऊ द्या."

बांधावर ससा उठला. पुढे वावरभर मी कपाशीच्या पऱ्हाटीतून पोटावर घसरत गेलो. धोतर मागंच राहिलं.

म्हातारीनं ते हसत हसत आणून दिलं.

"घेऊन जाय पिल्लू, बाबू," ती म्हणाली. "धोतर सोडलं, पन दोरी नाही सोडली तुनं."