मुल्लासाहेबांची बैठक

मुल्लासाहेबांचे खिसे कायम चिंचोक्यांनी फुगलेले असायचे. वीज कंपनीतला एवढा मोठा अधिकारी, सांगलीच्या ऑफिसात स्वतंत्र केबिन, आणि चालताना खुळखुळ आवाज. गावात बैठक असली की ते सतरंजीवर चित्रं मांडायचे: दिवसा वीज, झाडं, लोंबत्या तारा, पाणी, चराऊ माळ. मग प्रत्येकाच्या हातावर मूठभर चिंचोके ठेवून म्हणायचे, "जे आधी व्हावं वाटतंय त्याच्यावर जास्त ठेवा. सगळीकडं सारखेच ठेवलेत तर मला काय कळायचं?" माणसांची आणि निसर्गाची काळजी घेणारी कामं कंपनीनं कोणत्या क्रमानं हाती घ्यायची, हे त्या ढिगांवरून ठरायचं. मी तेव्हा नवीनच रुजू झाले होते. बैठकीचा अहवाल लिहिणं माझ्याकडे असे.

ढीग कितीही मोठे झाले तरी उठण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "आज कोण आलं न्हाई?" लोक हसायचे. एकदा मीही वैतागून म्हटलं, "सर, जे आले त्यांचं तरी पुरं करू या." ते म्हणाले, "मी शिराळ्याचा. आमच्याकडं नागपंचमीला नागाचीसुद्धा विचारपूस होते, मग माणसाची नको?"

वडूजजवळच्या एका गावात या प्रश्नानं आमची कसोटी पाहिली. गावाच्या माळावर कंपनी सौर प्रकल्प उभारणार होती, म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज. जवळजवळ सगळे चिंचोके त्याच चित्रावर पडले. चराऊ माळाचं चित्र कोरंच राहिलं. साहेबांनी विचारल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "धनगरं न्हाई आली. हायत किती, चार घरं!"

आम्ही माळावर गेलो. हिराबाई नावाच्या बाई मेंढरांपाशी उभ्या होत्या. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी कुंपान घालणार. मग मेंढरं तळ्यावर न्यायची कुठनं? दुसरी वाट हाय का?" दुसरी वाट नव्हती.

साहेबांनी आराखडा वाट सोडून नव्यानं करायला लावला. मुख्य ऑफिस नाराज झालं. पण खरा राग गावाचा होता. बाबूराव नावाचे शेतकरी थेट सांगलीला आले. "साहेब, तुमचं काय जातंय? रातच्या पाळीला पाणी पाजताना माझा भाऊ साप चावून गेला. अजून एक हंगाम आमी अंधारात काढायचा व्हय?"

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बाबूरावांपुढं पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाले, "वीज येणार, बाबूराव. पण उशीर होणार, आणि तो माझ्यामुळं." बाबूराव पाणीही न घेता निघून गेले. त्या दिवशी साहेबांनी डबा उघडला नाही. चार घरांचं ऐकताना आपण दुसऱ्या कुणाचा जीव टांगणीला लावला, हे त्यांना कळत होतं. आणि तरीही आराखडा बदलण्याच्या आदेशावरची सही त्यांनी मागं घेतली नाही.

पुढच्या वर्षी प्रकल्प झाला. पॅनेलच्या रांगांमधून तळ्याकडे जाणारी रुंद वाट सोडलेली आहे. तोवर साहेब निवृत्त झाले होते. उद्घाटनाला त्यांना कुणी बोलावलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते शिराळ्याच्या घरी अचानक वारले. मी घरच्यांना भेटायला गेले, तर ओट्यावर बाबूराव बसलेले. मी ओळख दिली. ते खाली बघत म्हणाले, "त्या हंगामात साहेब रोज सांजच्याला फोन करायचे. बूट घातले का, बॅटरी हाय का, एवढंच. मी रागानं कट करायचो. पन बूट घालूनच शेतात जायचो."

हे साहेबांनी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं.

आतून त्यांच्या पत्नी आल्या. बाबूरावांना त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण गावाचं नाव ऐकताच त्यांनी विचारलं, "आता येते का हो दिवसा वीज?"

"येती की, भाभी," बाबूराव म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.