बब्रुवान तात्यांचा खोटा खोकला

आमच्या गावात बब्रुवान तात्यांइतका निरोगी माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोला, दगडाबाईंना, जरा खुपायची. त्यांचे स्वतःचे गुडघे, पाठ, दात एकेक करून कुरकुरायला लागले होते आणि तात्या मात्र साठी उलटली तरी ज्वारीचं पोतं खांद्यावर टाकून शिडी चढत. "ह्या माणसाला दुखणं म्हंजे काय ते ठावंच न्हाय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कौतुक नव्हतं ते, तक्रार होती.

ही तक्रार राजेश्वरीच्या कानावर गेली. राजेश्वरी आमच्याच गावची लेक. धाराशिवला नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि त्या वेळी तिचं पीएच.डी.चं काम चाललं होतं. खेड्यापाड्यातल्या उपकेंद्रांत डॉक्टर नसतो. सिस्टरच तपासते, सिस्टरच औषध देते, कुणाला पुढं पाठवायचं तेही सिस्टरच ठरवते. तिथं माणसाला सेवा कशी मिळते, हे तिला पारखायचं होतं. लोकांना नुसतं विचारून भागत नाही, असं ती म्हणायची. विचारलं की लोक "लई चांगली हाय सिस्टर" एवढंच बोलतात, कारण सिस्टर शेजारीच उभी असते. म्हणून तिला खोटा पेशंट हवा होता. एक धडधाकट माणूस शिकवलेलं दुखणं घेऊन जाईल आणि सिस्टरनं काय विचारलं, काय तपासलं, ते येऊन सांगेल. सिस्टरांची परवानगी तिनं आधीच काढली होती. वर्षभरात कधीतरी असा माणूस येईल, एवढंच त्यांना माहीत होतं.

"तात्या, तुम्हाला आजारी पडायचंय," ती म्हणाली.

"कवापसनं?" तात्यांनी विचारलं.

दुखणं ठरलेलं होतं. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटलेलं. क्षयाचा संशय यावा असं. चांगली सिस्टर अशा पेशंटची थुंकी तपासायला घेईल, आणि तो परत आला नाही तर त्याचा शोध घेईल. शोध घेते का, तेही राजेश्वरीला बघायचं होतं. म्हणून तिनं बजावलं, "सिस्टरचा फोन आला तर उचलायचा नाही. आणि मी सांगेपर्यंत काकूंशिवाय कुणाला काही बोलायचं नाही." तात्यांनी शब्द दिला. तात्यांचा शब्द म्हणजे खांब पुरल्यासारखा, हलत नाही.

खोकला शिकवायचं काम दगडाबाईंनी अंगावर घेतलं.

"ह्यो काय खोकला हाय? कोंबडी हुसकल्यावानी वाटतंय. पोटातनं काढा."

तात्यांनी पोटातून काढला. गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

"आता जरा दमल्यावानी बसा."

ते त्यांना जमेना. बसले की ते पाटलाच्या बैठकीत बसल्यासारखे दिसत. शेवटी दगडाबाई म्हणाल्या, "म्या भाकरी करून उठल्यावर कशी बसते, तसं बसा की."

तात्या बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "ते म्या कवा बघितलंच न्हाय." त्यावर दगडाबाई उठून गेल्या आणि त्या दिवसाची शिकवणी तिथंच थांबली.

पहिल्या उपकेंद्रातली सिस्टर लसीकरणाला गेली होती. तात्या पायरीवर बसून खोकत राहिले. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना ज्येष्ठमधाचा तुकडा दिला आणि ते घरी आले. दुसऱ्या ठिकाणी खोकल्याची बाटली मिळाली. तिसरं उपकेंद्र होतं सास्तूरच्या बाजूला, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या एका गावात. तिथली सगळी घरं एका ओळीत, एका मापाची. तात्या उपकेंद्र समजून एका घरात शिरले आणि खोकायला लागले. घरच्या माणसांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, सगळं दुखणं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की सिस्टर चार घरं सोडून बसते.

सिस्टरचं नाव दैवशाला. बारीक चणीची, बोलायला शांत. तिनं तात्यांना काट्यावर उभं केलं. काटा ऐंशीच्या पुढं गेला.

"आणि आधी किती होतं, काका?"

"लई होतं."

"तरी किती?"

"ते आडत्याच्या काट्यावर मोजलं होतं," तात्या म्हणाले, "पोत्यासकट."

दैवशालानं मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. घरात कोण कोण आहे, एका खोलीत किती जण झोपतात, बिडी ओढता का, भूक लागते का, एकेक विचारत गेली. मग तिनं विचारलं, "मनाला काही लागून राहिलंय का, काका?"

हा प्रश्न राजेश्वरीनं शिकवलेला नव्हता. तात्यांना आजवर कुणी तो विचारलाही नव्हता. बोलता बोलता ते सांगून बसले, की धाकटा भाऊ शिवराज शेजारच्या वाडीवर राहतो, बांधावरच्या चिंचेवरून भांडण झालं, आणि पोरांची लग्नं झाली तरी आमी एकमेकांशी बोललो न्हाय. सांगताना त्यांना खरंच खोकला आला.

दैवशालानं थुंकीसाठी डबी दिली, उद्या सकाळी घेऊन या म्हणाली, आणि घरातला आणखी एक मोबाइल नंबर मागितला. तात्यांना स्वतःचा सोडून एकच नंबर पाठ होता. दोघा भावांत मिळून एक फोन घेतला होता तेव्हाचा, तो पुढं शिवराजकडं राहिला. तात्यांनी तोच सांगितला.

तात्या परत गेले नाहीत. फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. दैवशालानं आमच्या गावच्या आशाताईला पाठवलं. आशाताई शहाणी बाई. कशाला आलात, असं शेजाऱ्यांनी विचारलं तर, "ते मला सांगता येणार न्हाय," एवढंच म्हणाली. दगडाबाईंनी तिला तात्या शेतात गेलेत म्हणून परत लावलं. आशाताई सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं नाही, आणि सांगण्यासारखं नाही म्हणजे कॅन्सरच, हे गावानं दिवस मावळायच्या आत ठरवलं.

तिकडं दैवशालानं दुसरा नंबर लावला. "बब्रुवान काकांना दवाखान्यात घेऊन या, उशीर करू नका," ती शिवराजला म्हणाली. आजार कोणता, असं त्यानं विचारलं, तर म्हणाली, "ते त्यांनाच सांगता येईल मला."

शिवराज सकाळीच दारात उभा राहिला. मागं बायको, सून, आणि तेर गावाहून आणलेली भाड्याची जीप. तात्या तेव्हा म्हशीला पेंड घालत होते. शिवराज त्यांच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "असल्या दुखण्यातबी काम करताय व्हय, दादा?" आणि त्यानं त्यांच्या हातातली पेंडीची पाटी काढून घेतली. मग म्हणाला, "ती चिंच तुमची. म्या आजपसनं तिच्याकडं बघायचा न्हाय."

तात्यांची अवस्था काय झाली असेल. शब्द दिलेला. दुखणं खोटं, पण भाऊ दारात खरा. त्यांनी दगडाबाईंकडं पाहिलं. दगडाबाईंनी जावेला आत नेलं. तात्या म्हणाले, "चिंच राहू दे, दोघांची." आणि हात धुऊन जीपमध्ये बसले, कारण भाऊ न्यायला आलाय आणि जायचं नाही, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

उपकेंद्रात दैवशालानं पुन्हा डबी दिली. तात्यांना थुंकी येईना. निरोगी माणसाच्या छातीत असतं काय? ते मागच्या परसातल्या भिंतीआड उभे राहून जोर करत होते आणि सगळं गणगोत ओट्यावर ताटकळत होतं. भावाला धीर यावा म्हणून शिवराज जाऊन शेजारी उभा राहिला. "असं खोका, दादा," म्हणून त्यानं स्वतः खोकून दाखवलं. ते खोकणं थांबेना. त्याला भिंतीला हात टेकावा लागला.

दैवशाला बाहेर आली. "हा खोकला कधीपासून आहे?" तिनं शिवराजला विचारलं.

"माझं सोडा, सिस्टर. ह्यांचं बघा."

"दोघांचंही बघते," ती म्हणाली आणि त्याच्याही हातात डबी दिली.

तपासणीचा निकाल आला तो असा, की तात्यांना काही नाही आणि शिवराजला क्षय आहे. राजेश्वरीला कळलं तेव्हा ती धावत आली. तिनं आधी दैवशालाला सगळं सांगितलं. दैवशालानं नोंदवही मिटली. "परवानगी मीच दिली होती," ती म्हणाली, "पण एवढे दिवस मी ह्या काकांच्या काळजीत होते, त्याचं काय?" राजेश्वरीनं आपली वही चाळली. तिच्या अभ्यासात 'पेशंटचा शोध घेतला का' याला हो किंवा नाही, एवढीच दोन उत्तरं होती. खोट्या पेशंटचा शोध घेताना खरा सापडला तर काय धरायचं, हे तिच्या गाइडनाही सांगता आलं नाही. त्यांनी ती भेट अभ्यासातून वगळायला सांगितली.

मग तिनं तात्यांच्या अंगणात सगळ्यांना बसवून खरी हकीकत सांगितली. तात्या कधी आजारी नव्हतेच, हे सगळं नाटक होतं. तिचं ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग शिवराज समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, मन राखायला सांगताय, ते कळतंय आमाला. पर त्यांचंच मला लागलं, हे उघड हाय."

"अहो, तुम्ही एकमेकांना भेटतच नव्हता," राजेश्वरी म्हणाली.

"बांध तर एकच हाय न्हवं."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "लागलं आसंल, बाबा. चुकलं माझं."

सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. शिवराजला गोळ्यांचा कंटाळा, म्हणून दैवशालानं तात्यांनाच सांगितलं, की समोर बसून खायला लावा. पण शिवराज एकटा गिळायला तयार होईना. "मोठ्यानं आधी," म्हणायचा. तात्यांनी तोड काढली. ते गुळाच्या बारीक गोळ्या वळून न्यायचे आणि तोंड कडू करून गिळायचे. दमल्यासारखं बसणंही त्यांना आता साधलं होतं. दगडाबाई संध्याकाळी भाकऱ्या करून उठल्या की ते बघत असायचे, आणि बघता बघता त्यांनी चुलीसाठी पाणी आणून द्यायला सुरुवात केली होती.

उन्हाळ्यात शिवराजची शेवटची तपासणी झाली. तो बरा झाला. दैवशालानं त्याच्या हातात कागद दिला, तेव्हा तो म्हणाला, "आणि दादांचा कागद?" तिनं तात्यांकडं पाहिलं, तात्यांनी तिच्याकडं. मग तिनं एका कोऱ्या कागदावर लिहिलं, की बब्रुवान यांची प्रकृती उत्तम आहे. सही केली, शिक्का मारला. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

जीपमध्ये शिवराजनं विचारलं, "दादा, आता कसं वाटतंय?"

तात्यांनी दोन-तीनदा छाती भरून श्वास घेतला, सोडला.

"लई फरक हाय," ते म्हणाले.