पिल्सुन माथ्यावर पोचली

केस खोटं बोलत नाहीत, असं मी तीस वर्षं माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवत आले आहे. तरीही पिल्सुनच्या बाबतीत मी माझ्याच हातांचं ऐकलं नाही. तिचे केस इतके दाट होते की कुरळे करायला घेतले की माझी कंबर मोडायची. चार वर्षांपूर्वी ते विरळ व्हायला लागले. मग औषध लावून, रोलर गुंडाळूनही वळण धरेनासे झाले; आठ दिवसांत पुन्हा सरळ आणि कोरडे. भुवयांची बाहेरची टोकं तर गळूनच गेली होती. ती रोज सकाळी पेन्सिलीने काढायची आणि दुपारपर्यंत चुलीच्या वाफेने ती पुसली जायची.

पिल्सुन आणि तिचा नवरा गिल्हो यांची डोंगराच्या पायथ्याशी खानावळ आहे. डोंगर उतरून आलेल्या लोकांना रानभाज्या घातलेला भात आणि बटाट्याची धिरडी वाढायची. गिल्हो गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, बाकीचं सगळं पिल्सुन करते. घरात गिल्होची नव्वदीची आई. मुलगा ग्युते दूर सुवॉनला नोकरीला, वर्षातून दोन सणांना तोंड दाखवतो.

आम्ही ऑगस्टमध्ये पंख्यापुढे घाम पुसत बसलेल्या असायचो तेव्हा ही लोकरीचे मोजे घालून यायची. खाणं एवढंसं आणि वजन मात्र वाढत चाललेलं. भाजी निवडता निवडता बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. आवाजही जाड झाला होता. एकदा ग्युतेचा फोन आला, हिने उचलला, तर तो म्हणाला, "बाबा, जरा आईला द्या." हे तिने मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. घरी गेल्यावर मला वाटलं, आपण हसायला नको होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तिला बघितल्याबरोबर म्हटलं, थायरॉइडचं दिसतंय, रक्त तपासू. त्या दिवशी ती माझ्याकडे आली ती अगदी लग्न ठरलेल्या मुलीसारखी. आजाराला नाव मिळालं, आता गोळी मिळेल, गिल्होला सांगता येईल. थायरॉइडला काय खावं यावर पार्लरमध्ये लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, समुद्रशेवाळाचं सूप रोज प्यावं. दुसरीचं म्हणणं, त्याला हातसुद्धा लावू नये. पिल्सुन दोघींना हो म्हणाली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. जोंगसांग.

आमच्या कोरियन भाषेत या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. सगळं ठीक, जसं असायला हवं तसं, हा एक. डोंगराचा माथा हा दुसरा. आमच्या गावात दुसराच जास्त चालतो, कारण गावाचं पोट त्या माथ्यावर भरतं. म्हातारीला कमी ऐकू येतं. डॉक्टर काय म्हणाला, असं तिने विचारलं तेव्हा गिल्हो तिच्या कानाशी ओरडला, "जोंगसांग, आई. जोंगसांग म्हणाला."

"मग जा की," म्हातारी सुनेला म्हणाली. "सुई नाही, औषध नाही, नुसता डोंगर चढून ये म्हणाला बिचारा. तेवढंही होईना तुला?"

खानावळीत बसलेली माणसं पोट धरून हसली. म्हातारीची चूक कुणी सुधारली नाही. गिल्होने तर मुद्दाम सुधारली नाही, कारण त्यालाही हेच म्हणायचं होतं, फक्त आईच्या तोंडून ते जास्त शोभत होतं. त्या दिवसापासून म्हातारीने रोज सकाळी विचारायचा धडाका लावला, गेलीस का माथ्यावर? गावातही ते पसरलं. पिल्सुन माझ्या दारात आली की तांदळाच्या वड्या विकणारी ओकनिम ठरल्यासारखी विचारायची, "काय ग्युतेची आई, कुठवर पोचलीस?"

पुढच्या दोन वर्षांत तिने आणखी दोनदा रक्त दिलं, एकदा तिथेच आणि एकदा ग्वांगजूच्या मोठ्या रुग्णालयात. तेच उत्तर आलं. ग्वांगजूचा डॉक्टर भला माणूस होता, तीच सांगायची. त्याने कागद तिच्याकडे फिरवून एकेक आकडा बोटाने दाखवला आणि म्हणाला, सगळे मर्यादेत आहेत, काळजीचं काही कारण नाही. त्यावर ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला काळजी नाही वाटत. मला थंडी वाजते." त्याने जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मग वयाचं कारण निघालं, मग मनात राग साठल्याचं, मग बसून खाल्ल्याचं. बसून खाण्याचं कारण गिल्होने काढलं, आणि तेही बसून खाताना. पिल्सुन गोळीची आशा सोडून बसली होती. तिला आता एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा तिच्याकडे बघून म्हणावं, हो, तुला होतंय. मला हे ठाऊक होतं. ते म्हणायला माझं काही जात नव्हतं. पण खरं सांगते, मला तिच्या आजाराचा कंटाळा आला होता. दर वेळी तेच पाय, तीच थंडी. ती बोलायला लागली की मी पाण्याचा नळ मोठा सोडायची.

ऑक्टोबर संपता संपता, माझ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ती दुपारी आली आणि उभ्यानेच म्हणाली, "ताई, उद्या माझ्याबरोबर डोंगरावर चल."

मी म्हटलं, म्हातारीचं डोक्यात घेतलंस की काय.

"घेतलं. मी चढते. नाही पोचले तर तू सगळ्यांना सांगायचं, मी डोळ्यांनी पाहिलं, हिला खरंच होत नाही. आणि पोचले तर मी जन्मात पुन्हा आजाराचं नाव काढणार नाही. तुझीही सुटका."

ते शेवटचं मला लागलं. मीच का, असं मी विचारलं.

"तू तोंडाळ आहेस. तू सांगितलंस तर लोक ऐकतील."

सकाळी सात वाजता आम्ही निघालो. त्या वाटेने शाळेची पोरं तीन तासांत वर जातात. पहिल्या झऱ्यापर्यंत अर्धा तास लागतो, आम्हाला दीड लागला. मी तोवर अंगातलं जाकीट काढून कमरेला बांधलं होतं. पिल्सुनने तिसरा स्वेटर चढवला. वीस पावलं चालायची आणि झाडाला धरून उभी राहायची. मला वाटलं, नाटक करतेय, पोचायचंच नाही हिला, पैज जिंकायची आहे. मी तसं तोडून बोलूनही दाखवलं. ती पुन्हा वीस पावलं चालली.

वाटेवरच्या लोखंडी जिन्यापाशी ती बसली ती उठेचना. मी हात द्यायला तिचा हात धरला आणि सोडून दिला, इतका तो गार होता. ऊन चांगलं पडलं होतं. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि हिची नखं निळी पडली होती. तिने बूट काढले होते, मी तिच्या टाचांकडे पाहिलं. मोज्यातून रक्त आलं होतं, भेगांचं. तिथे मला कळलं. कळलं म्हणजे काय, चार वर्षं माझ्या बोटांना जे ठाऊक होतं ते डोक्यात शिरलं. मी म्हटलं, चल खाली, झालं एवढं पुरे, मी सांगते सगळ्यांना.

तिने मान हलवली. आता तिला पैज आठवत नव्हती असं मला वाटतं. की तिच्या मनात म्हातारीसारखीच काही वेडी आशा होती, माथ्यावर गेलं की खरंच अंगातलं ओझं उतरेल, डॉक्टरने जो शब्द म्हटला तो त्याच अर्थाने म्हटला असेल? मी विचारलं नाही. जिन्याच्या दोनशे पायऱ्या ती बसून चढली. एक पायरी, मग हात टेकून पुढची. खाली उतरणारी माणसं बाजूला होत होती आणि शाब्बास काकू म्हणत होती. शेवटचा खडकाळ तुकडा ती रांगत गेली आणि मी तिच्या मागून तिचा स्वेटर धरून गेले. दीड वाजला होता.

माथ्यावरच्या दगडापाशी दुसऱ्या गावच्या गिर्यारोहकांचा गट फोटो काढत होता. त्यांनी आम्हाला काकडी दिली, गरम कॉफी दिली, आणि आग्रहाने पिल्सुनला दगडाजवळ उभं केलं. तिचे पाय लटपटत होते, म्हणून दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं. हसा, हसा, म्हणाले. ती हसली. फोटो तिच्याच फोनवर निघाला.

मग ते गेले आणि ती दगडाला पाठ लावून खाली बसली. बराच वेळ रडली. आवाज न करता, नुसतं पाणी वाहत होतं.

"ताई, मी पोचले," ती म्हणाली. "आता कोण मानणार?"

मी म्हटलं, मी आहे ना, मी सांगेन. अगदी मनापासून म्हटलं.

गिल्होने तो फोटो मोठा करून खानावळीत गल्ल्यामागे लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, बघा, आमची बायको, पंचावन्न वर्षांची, डॉक्टर उगाच नव्हता म्हणत. दोन्ही अर्थ एकदम साधले म्हणून त्याला या विनोदाचं फार कौतुक. म्हातारीने सुनेला स्वतःच्या वाटणीचा मासा वाढला. दुसऱ्या दिवशी पार्लर उघडलं तर ओकनिम हजर. खरंच चढली का गं ती, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, "चढली."

ते खोटं नव्हतं. पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ओकनिम हसायला लागली, शेजारची हसायला लागली, आणि मला वाटलं, आता कुठे सगळं पहिल्यापासून सांगत बसायचं. माझे पाय दुखत होते. मी कात्री उचलली. एवढंच झालं. माझ्यासारखी तोंडाळ बाई आयुष्यात एकदा गप्प बसली ती तेव्हा.

पिल्सुनने शब्द पाळला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, आजाराचा तिने चकार शब्द काढला नाही. कशी आहेस विचारलं की म्हणायची, जोंगसांग. ती ते विनोदाने म्हणत नव्हती. माझ्याशी बोलणं कमी झालं नव्हतं. हवापाणी, कोबीचा भाव, ग्युतेचं लग्न जमत नाही, सगळं बोलायची. फक्त मध्येच थांबायची, काहीतरी गिळल्यासारखी, आणि दुसऱ्याच विषयावर जायची. थांबायची त्या जागी काय होतं ते मला ठाऊक होतं. नळ मोठा सोडायची गरज उरली नव्हती, आणि मी रोज मनातून म्हणत होते, बोल गं बाई, एकदा कुरकुर तरी कर.

चांद्र नववर्षाच्या सणाच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे बसायला जागा नसते. गावातल्या सगळ्या बायकांना मुलं यायच्या आत केस कुरळे करून हवे असतात. पिल्सुनही आली. तिच्या डोक्यावर आता वळवण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी मी सगळ्यात बारीक रोलर घेऊन एकेक बट गुंडाळली आणि तिला कोपऱ्यातल्या वाळवणीच्या मशीनखाली बसवलं. ते माझं जुनं मशीन डोक्यावर टोपासारखं बसतं आणि गिरणीसारखं घरघरतं. आत बसलेल्या बाईला बाहेरचं काही ऐकू येत नाही. ती मासिक मांडीवर घेऊन बसली, मोज्यांवर मोजे घालून.

ओकनिम तिच्याकडे बघून सगळ्यांना म्हणाली, "बघा, डोंगर चढून आली तशी हिची तक्रार नाही काही. सगळं मनाचं असतं."

माझं डोकं सटकलं. मी हातातला कंगवा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. दोनशे पायऱ्या ती बसून चढली. शेवटी रांगली, मी मागून स्वेटर धरला होता. मी घामाने भिजले होते आणि हिची नखं निळी होती. फोटोत दोघांनी धरलंय म्हणून उभी दिसतेय. हिच्या भुवया कुठे गेल्या ते कुणी पाहिलंत? मी चार वर्षं हिचे केस मोरीतून उचलतेय. रिपोर्ट काय म्हणतात ते रिपोर्ट जाणोत, ही बाई आजारी आहे, आणि हे मला तेव्हाच सांगायचं होतं, मी सांगितलं नाही, ती माझी चूक.

ओकनिमने पर्स उघडली आणि बंद केली. सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या, तेव्हा पिल्सुनचं लक्ष गेलं. आपण काय केलं ते तिला कळेना. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली, काही चुकलं असेल तर माफ करा असा चेहरा करून.

मी जाऊन मशीन बंद केलं. तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसले. इतक्या बायकांसमोर ओरडणं सोपं होतं, हे नव्हतं.

"मी यांना सांगितलं," मी म्हटलं. "तू आजारी आहेस म्हणून सांगितलं. तुला खरंच होतंय, मी पाहिलं."

तिने मासिक मिटून बाजूला ठेवलं. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, मशीनच्या घरघरीने अजून कान बंद आहेत, ऐकू गेलं नाही.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.