बाण न लावता सोडलेलं धनुष्य

धनुष्याच्या दोरीला मेण लावायचं म्हणजे आधी मेणाची कांडी दोरीवरून फिरवायची आणि मग अंगठा-तर्जनीच्या चिमटीत दोरी धरून वरखाली चोळायची. बोटांना चटका बसायला लागला की समजायचं, मेण धाग्यांच्या आत उतरलं. हे मला शिरोळला सरांनी शिकवलं. माझं घर सातपुड्यात, नंदुरबारच्याही पुढे. आमच्याकडे धनुष्याला कामठी म्हणतात आणि तिला धाग्याची दोरी नसते, बांबूच्या सालीची चिवट पट्टी असते. वडील तिला मोहाच्या बियांचं तेल चोळायचे. त्यांचीही बोटं भाजायची.

ती कामठी आता घरी नाही. वडील सशामागे गेले होते. ससा मिळालाच नाही, पण वनखात्याची माणसं भेटली. केस झाली आणि कामठी मुद्देमाल म्हणून गेली ती गेलीच. वडील तारखांना जाणार तर शेतात कोण, म्हणून माझी आठवीतच शाळा सुटली. पुढे ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडे आलो.

सर शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या उसाच्या कडेची जमीन मोकळी ठेवून धनुर्विद्येचं मैदान केलं. पोरांचे चुकलेले बाण उसात जायचे आणि तोडताना मला सापडायचे. मी एकेक बाण कानाजवळ धरून हलका वाकवून बघत होतो, तडा असला तर तो बारीक करकरतो. सर बांधावरून बघत होते. म्हणाले, "गावाकडं जाऊन काय करणार हाईस? ऱ्हा की हितंच." खोली दिली, जेवण दिलं, महिन्याचा पगार दिला आणि सामानाच्या खोलीची किल्ली दिली. त्या किल्लीवर माझं सगळं उभं आहे. ती गेली तर पुन्हा कोयता. त्यामुळे सरांचा आवाज जरा चढला तरी माझा हात आपोआप खिशाकडे जातो, किल्ली आहे ना बघायला.

सरांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करता येते म्हणे. त्यानं आपलं शिकारीचं धनुष्य इथे आणून ठेवलं होतं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, अंगावर पानाफांद्यांचं चित्र, झाडीत लपावं म्हणून. सुट्टीत आला की तो ते चालवायचा, एरवी सांभाळायचं मी. सोबत एका डब्यात बाणाच्या टोकाला लावायची पाती होती, तीन धारांची. सरांचं घर जैन. काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तो डबा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "रक्त लागल्यालं हाय त्याला. तुझ्या खोलीत ठेव बाबा." मी ठेवला. एका पात्याच्या बेचक्यात खरंच काळं काहीतरी सुकलेलं होतं. जुन्या दातांच्या ब्रशनं ते काढलं, पात्यांना तेलाचा हात दिला, फडक्यात गुंडाळली. वडिलांच्या बाणाला तर त्या दिवशी काही लागलंसुद्धा नव्हतं. पण त्यांचं धनुष्य फांद्यांच्या चित्राचं नव्हतं, खऱ्या बांबूचं होतं, म्हणून ते गुन्ह्याचं.

काम मात्र मी मनापासून केलं. धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्यांवरून दर आठवड्याला कापसाचा बोळा फिरवायचा. कुठे कापसाचा तंतू अडकला तर तिथे तडा. त्या धनुष्यावर कधी तंतू अडकला नाही. खंडेनवमीच्या सकाळीसुद्धा नाही.

खंडेनवमीला मैदानावर पूजा ठेवली होती. पालकांचा आग्रह होता, शस्त्रं पुजायचीच. मला हळदीकुंकवाची काळजी. ती पूड चाकांच्या कण्यात गेली की महिनाभर निघत नाही. मी चाकांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या.

"हे काय रं, देवाला रेनकोट घातलास व्हय?" एक पालक म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

सरांनी भागातल्या एका पुढाऱ्यांना पूजेला बोलावलं होतं. मैदानाला पत्र्याचं शेड मिळवून देतो म्हणून त्यांनी शब्द दिला होता. तरुणपणी तालमीत गेलेला माणूस, अंगापिंडानं अजून तसाच. आल्या आल्या त्यांची नजर त्या चित्राच्या धनुष्यावर गेली. फोटोवाल्यानं पिशव्या काढून टाकल्या, "फोटोत घाण दिसत्यात ओ" म्हणून.

"ओढा की साहेब, झकास येतोय फोटो!"

मी पुढे झालो. "साहेब, ओढा, पण सोडू नका. तसंच हळू परत आणा. बाण नाही त्यात."

"अरे पावणं, मी कुस्तीच्या फडात भली भली सोडल्याली न्हाईत, ही दोरी व्हय सोडतोय?"

त्यांनी ओढलं. ताकद होतीच. गालापर्यंत दोरी आणली, फोटो निघाला. कुणीतरी म्हणालं, "आनी एक, जरा हसून!" ते हसले आणि बोटं सुटली.

बाण असला की सगळा जोर बाण घेऊन जातो. बाण नसला की तो जोर धनुष्यातच फुटतो. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. दोरी चाकावरून उडाली, वरची पट्टी उभी चिरली आणि एक कपची पुढाऱ्यांच्या मनगटाला ओरखडून गेली. रक्ताचा बारीक थेंब आला. झेंडूची फुलं सगळ्या चटईवर पसरली.

 मग पुढारी म्हणाले, "सर, ही कसली अवजारं ठेवलायसा? कुणाचा डोळा गेला असता म्हणजे?"

सरांनी सगळं पाहिलं होतं. माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"देखभालीत कसूर झाली साहेब," सर म्हणाले. "पोराकडनं झाली. बघतो मी त्याच्याकडं."

नंतर, सगळे गेल्यावर, मैदानावरची फुलं गोळा करताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. बास की. शेडचं काम हाय, समजून घे." मी मान डोलावली. खिशात किल्ली होती.

इथवर असतं तरी चाललं असतं. पण संध्याकाळी पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. घरात सगळे होते, काकीसुद्धा. सरांनी त्यालाही देखभालीचंच सांगितलं होतं. तो म्हणाला, "काका, ती पट्टी कॅमेऱ्यापुढं धरा बघू." मी धरली. त्यानं क्षणभर बघितलं.

"देखभालीचा काय संबंध न्हाय हितं. बाण न लावता कुणीतरी ओढून सोडलंय. कोण?"

हा पुतण्या गप्प बसणारा नव्हता. खरं कळलं असतं तर त्यानं पुढाऱ्यांना थेट फोन लावला असता.  सर मला बोल असं म्हणाले नाहीत, हे खरं आहे आणि ते मी कुणालाही सांगेन. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो.

"तू? अरे, तुमच्यात तर पोरं धनुष्य घेऊनच जन्माला येत्यात म्हणं! काका, ह्याला एवढं साधंबी शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलं होतं," सर म्हणाले.

आमच्या घरी लहान पोरानं रिकामी कामठी ओढून सोडली तर वडील त्याला त्या दिवशी बरोबर न्यायचे नाहीत. मारायचे नाहीत, बोलायचेही नाहीत, नुसतं सोडून जायचे. मी चार-पाच वर्षांचा असताना एकदाच मागे राहिलो होतो. पुन्हा कधी नाही.

काकींनी त्या रात्री मला ताटात दोनदा बासुंदी वाढली. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. मी खाल्ली.

अमेरिकेतून नवी पट्टी आली. मीच ती बसवली. शेडही झालं आणि त्याच्या खांबावर पुढाऱ्यांच्या नावाची पाटी लागली. सरांनी मला काढलं नाही, उलट दिवाळीला नवे कपडे घेतले. मी त्यांचा ऋणी आहे. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. त्यांनी ठेवून घेतलं नसतं तर मी आज उसाच्या कुठल्या फडात असतो, त्याची कल्पनासुद्धा मला नको वाटते.

फक्त, नवी पोरं आली की पहिल्या दिवशी सर त्यांना ओळीत उभं करतात. बाण न लावता दोरी ओढायची नाही, हा पहिला नियम सांगतात. मग माझ्याकडे हात करून म्हणतात, "ओढली तर काय हुतंय, ह्याला विचारा. ह्यानं एकदा करून बघितलंय." पोरं वळून माझ्याकडे बघतात, हसतात. मी चिरलेली जुनी पट्टी खोलीतून आणतो आणि ती कशी फुटली ते त्यांना नीट समजावून सांगतो.