मायचा पासपोर्ट आणि बाबांचं नाव

एका सकाळी पवनीला आमच्या दारात सायकलवरून पोलीस आला... मायच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मस्कतला एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो आणि महिन्याभराच्या सुट्टीवर गावी आलो होतो.

सुट्टी कसली, नुसती धावपळ! तिकडेच राहिलेल्या माझ्या बायकोला, नलूला, सहावा महिना होता आणि डॉक्टरांनी तिचा प्रवास बंद केला होता. तिला आई नाही, आणि मस्कतला आमचं म्हणावं असं कोणीच नाही.

पत्रात मी एवढंच लिहिलं होतं. ते शेजारच्या गुरुजींनी वाचून दाखवलं आणि मायने तिथेच जाहीर केलं, "सुनेचं बाळंतपण मीच करीन. इमानात बसा लागते तं बसीन." नागपूरच्या पुढे कधी न गेलेली बाई... मी गावी पोचलो तर डिंक, मेथी, बाळाच्या दुपट्यांसाठी जुनी लुगडी, शेकायची शेगडी असं सगळं बांधून तयार! शेगडी विमानात चालत नाही हे तिला पटवण्यात माझे दोन दिवस गेले.

मी तेव्हा जरा हवेतच होतो. गॉगल, टेपरेकॉर्डर, कडक इस्त्रीची पँट... कागदपत्रांचं काम म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटायचं.

आलेला जमादार माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. कोणत्याही बाईला आई, मावशी म्हणून दाखवायचं आणि घरकामाला आखातात पोचवायचं, असे प्रकार तेव्हा होत होते. म्हणून त्याने आल्या आल्या मला बजावलं, "तुमी बोलू नका. मावशीलेच बोलू द्या." शेजारीपाजारी सगळे धान कापायला गेलेले, त्यामुळे मध्ये पडायला दुसरं कोणी नव्हतं.

नाव, गाव, मुलं किती... माय खणखणीत उत्तरं देत होती. मग त्याने विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मायने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. आणि गप्प.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मायने त्यांचं नाव ते असताना कधी घेतलं नव्हतं आणि गेल्यावरही नाही. बाबा तुळशीराम, म्हणून ती तुळशीलासुद्धा तुळस म्हणायची नाही... 'अंगणातली' म्हणायची.

"ह्याले विचारा नं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"ह्याले नाही, तुमाले विचारून राहिलो." फॉर्मवर नाव होतंच, पण ते त्याला तिच्याकडूनच जुळवून घ्यायचं होतं.

तिने अंगणातल्या तुळशीकडे हात केला. त्याने मान वळवून पाहिलं. "हे अर्धंच झालं मावशी. तुळशीदास का तुळशीराम? पुरं सांगा."

मी तोंड उघडलं तर त्याने माझ्यावर डोळे वटारले. "माय, एक डाव घे नं नाव..." मी अक्षरशः हात जोडले. सुट्टी संपत आली होती, आणि हा कागद अडला तर परमुलखात नलू एकटी पडणार होती. मायने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच पोलीस होतो.

जमादाराने पेनाला टोपण लावलं. "उत्तर देल्लं नाही, असं लिवतो मंग. पुढचं सायेब पायतील."

"थांबा," माय म्हणाली.

ती आत गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला... आणि पाणी भरायचा पितळेचा गुंड कमरेवर घेऊन ती बाहेर आली. तो तिने जमादाराच्या पुढ्यात ठेवला, फिरवून एक बाजू त्याच्याकडे केली आणि म्हणाली, "वाचा."

बाबांनी लग्नानंतर भंडाऱ्याहून आणलेला गुंड तो. गळ्यावर नाव घालून घेतलेलं. मायला अक्षरओळख नव्हती, पण इतकी वर्षं चिंच आणि राख लावून तोच घासत आलेली... नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तिच्या बोटांना पाठ होतं. त्याच गुंडातलं पाणी पिऊन मी मोठा झालो, पण मला काही हे सुचलं नाही.

"तुळशीराम कवडू, पवनी," जमादाराने मोठ्याने वाचलं आणि फॉर्मशी ताडून पाहिलं. "हेच का मावशी?"

"हो. तेच हायेत."

आमच्या घरात किती दिवसांनी कोणी ते नाव मोठ्याने उच्चारलं होतं! मायने पदराने डोळे टिपले आणि लगेच चहा ठेवायला वळली. जमादाराने कागद भरला, चहा घेतला आणि गेला.

काम झालं म्हटल्यावर माझी इतका वेळ दाबलेली चिडचिड बाहेर आली. "पासपोर्टच अडला असता, माय! बाबा आता कुठी हायेत? एकदा नाव घेतलं असतं तं काय बिघडलं असतं?"

माय गुंड उचलत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ते होते तवा घेतलं नाही. आता कायले घेऊ? ओ कोन देईन?"



पासपोर्ट आला. माय मस्कतला आली, आणि समुद्र बघून "एवढं पानी अन् प्याले नाही?" म्हणत दिवसभर हळहळली. बाळंतपण मात्र असं केलं की शेजारची पाकिस्तानी बाई तिच्याकडे बाळाला न्हाऊ घालायला शिकायला यायची. आज माय नाही... 'मीच करीन' या तिच्या हट्टाचे उपकार मात्र आम्ही दोघंही विसरलेलो नाही.

नलू मला नावाने हाक मारते. भर बाजारात, मोठ्याने... गावाकडच्या पाहुण्यांना ते अजूनही खटकतं. मी मात्र हाक आली की हातातलं काम टाकून आधी ओ देतो.