रांगेतली शेवटची चिठ्ठी

आमच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी बसणाऱ्या बाईंना सगळे आत्या म्हणतात. साहेबसुद्धा. त्यांची खरी भाची पूर्वी आमच्याकडे नोकरीला होती. तिने एकदा भर मीटिंगमध्ये 'आत्या, डबा घरीच विसरलीस!' अशी हाक मारली आणि बारसं झालं. भाची नोकरी सोडून गेली, नाव राहिलं. मला त्या मास्तर म्हणतात, कारण दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा. लोक म्हणतात, माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असेल. अकरा वर्षं शेजारी बसून मी ज्यांच्यावर एकदाही मनापासून चिडू शकलो नाही अशा या एकट्याच.

आत्या आधी शाळेत गणित शिकवायच्या. जुळी मुलं झाल्यावर शाळा सुटली. चौतिसाव्या वर्षी भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, एका मांडीवर एक पोर आणि दुसरीवर दुसरं घेऊन, त्या प्रोग्रामिंग शिकल्या. नवरा बस चालवतो. कचेरीतल्या पोरासोरांनी नवनवीन यंत्रांच्या मागे धावावं आणि आत्यांनी वीस वर्षं एकच गोष्ट सांभाळावी, अशी वाटणी झालेली.

ती गोष्ट म्हणजे एक रांग. आमची कंपनी ऑपरेटिंग सिस्टिम बनवते आणि तिच्या गाभ्याला, सगळा कारभार आतून हाकणाऱ्या भागाला, कर्नल म्हणतात. कुठल्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली, कुठली बदलली, कुठली पुसली, हे आधी कर्नलला कळतं. एखाद्या प्रोग्रामने सांगून ठेवलं की 'या फोल्डरवर लक्ष ठेव आणि काही झालं की मला कळव', तर कर्नल त्याच्यासाठी एक रांग लावतो आणि प्रत्येक घडामोडीची एक चिठ्ठी त्या रांगेत ठेवतो. प्रोग्राम आपल्या सवडीने एकेक चिठ्ठी उचलतो. ही रांग आत्यांची.

रांगेचे नियम त्यांना पोटच्या पोरांसारखे प्रिय. नवी चिठ्ठी अगदी मागच्या चिठ्ठीसारखीच असेल, तर ती दुसऱ्यांदा ठेवायची नाही. "घरीही असंच करते," त्या सांगायच्या. "आमच्या ह्यांनी एकच तक्रार लागोपाठ चारदा केली तर मी एकच धरते." पण मध्ये दुसरी बातमी येऊन गेली असेल, तर मात्र मागे जाऊन जोडायचं नाही. आधी काय झालं आणि नंतर काय, याची सरमिसळ झाली की बातमीची अफवा होते, असं त्यांचं म्हणणं.

आणि शेवटचा नियम. रांग अमर्याद नसते. प्रोग्राम ढिला पडला आणि रांग भरली, तर पुढच्या चिठ्ठ्या टाकून द्याव्या लागतात. पण टाकण्याआधी सगळ्यात शेवटी एक चिठ्ठी ठेवायचीच: 'यापुढचं माझ्याकडून सुटलंय, आता तूच जाऊन बघ.' ती वाचली की प्रोग्राम अख्खं फोल्डर पहिल्यापासून तपासतो आणि काही हरवत नाही. आत्यांचा सगळा जीव या एका चिठ्ठीत. सुटलं तर सुटलं, पण सुटलं हे सांगायला हवं.

मागच्या वर्षी शहरातल्या एका रुग्णालयात घोटाळा झाला. तिथे आमचीच सिस्टिम वापरतात. लॅबचे रिपोर्ट एका फोल्डरमध्ये पडतात आणि तिथून एक प्रोग्राम ते वॉर्डात पाठवतो. एके दिवशी सकाळभर नेटवर्क बंद होतं. ते अकराला सुरू झालं आणि तुंबलेले सातशे रिपोर्ट एकदम कोसळले. त्यांतले शेवटचे शंभरेक फोल्डरमध्येच पडून राहिले. त्यात एका आजोबांच्या रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट होता आणि आकडा भयंकर होता. तो वॉर्डात पोचला चार तास उशिरा. आजोबा वाचले, पण त्यांना आयसीयूत न्यावं लागलं. खापर फुटलं ते लॅबमधल्या ताईंवर. रिपोर्ट गेले की नाहीत हे बघणं त्यांचं काम. त्यांना घरी बसवलं आणि चौकशी लावली. शुक्रवारी निकाल होता आणि नोकरी जाणार हे सगळे धरून चालले होते.

आमच्याकडे रुग्णालयाचं पत्र आलं, तेव्हा साहेबांनी आमचे लॉग, म्हणजे सिस्टिमने आपोआप ठेवलेल्या नोंदी, चाळले. एकही तक्रार नव्हती. "आपला भाग स्वच्छ आहे," असं लिहून त्यांनी हात झटकले. मीही मान डोलावली.

आत्यांनी मात्र सरळ लॅबच्या ताईंना फोन लावला. तोवर त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, फक्त सुनावलं होतं. ताई घाबरत म्हणाल्या, "मॅडम, मी वही ठेवते. त्या दिवशीचं पान वाचून दाखवू?" आत्यांनी फोन स्पीकरवर टाकला. ताई वाचू लागल्या, "अकरा वीस. स्क्रीनवर हिरवा दिवा, सर्व रिपोर्ट रवाना. फोल्डर स्वतः उघडून पाहिलं नाही." मग थांबून म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्यच माझ्या अंगाशी आलंय. लिहिलं नसतं तर बरं झालं असतं का हो?"

"नाही," आत्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "मास्तर, या बाईने न पाहिलेलंसुद्धा लिहून ठेवलंय. हिची नोकरी जाता कामा नये."

तीन दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. एका मशीनवर फोल्डर करून त्यात फाइली ओतायच्या आणि जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूला चिठ्ठ्यांचा हिशोब मांडायचा. रांग भरायची, शेवटची चिठ्ठी निमूटपणे यायची, प्रोग्राम फोल्डर तपासायचा. सगळं ठीक. गुरुवारी दुपारी त्यांनी ताईंना पुन्हा फोन करून विचारलं, त्या वेळी मशीन हळू चाललं होतं का? "हळू? माऊससुद्धा सरकत नव्हता," ताई म्हणाल्या. आत्यांनी आमच्या मशीनची मेमरी जवळजवळ संपवली आणि मग फाइली ओतल्या. रांग भरली. शेवटची चिठ्ठी आलीच नाही. स्क्रीनवर हिरवा दिवा.

चिठ्ठी तयार करायलाही थोडी मेमरी लागते. पूर्वी ती शेवटची चिठ्ठी रांग लावतानाच तयार करून बाजूला ठेवलेली असायची. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी काटकसर केली होती: हजारो रांगांमागे एकेक चिठ्ठी उगाच कशाला अडकवायची, लागेल तेव्हा करू. आणि नेमकी लागली तेव्हा करायला जागा नव्हती.

आत्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. बदलाच्या खाली नाव आत्यांचं होतं.

"चोर घरातच निघाला," त्या म्हणाल्या.

त्या नावाखाली आणखी एक ओळ होती. तपासणाऱ्याचं नाव. माझं. मला ती तपासणी लख्ख आठवली. मी रांग भरून पाहिली होती. मेमरी संपवूनही पाहिली होती. दोन्ही एकदम करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्याचं पाहावं वाकून यात माझी हयात गेली, पण त्या दुपारी मी मिठाची गुळणी धरून बसलो. आत्यांनीही ती ओळ पाहिली असणार. त्यांनी स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवली.

कळल्यावर साहेब धावत आले. "आत्या, रुग्णालयाला मोघम लिहू या. विशिष्ट परिस्थितीत क्वचित असं घडू शकतं, वगैरे. वर्षभरात निवृत्त होणार तुम्ही, कशाला हे?"

"मोघम लिहिलं की चौकशीत त्या बाईच सापडतील," आत्या म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी. उद्या मी स्वतः जाते."

संध्याकाळी निघण्याआधी त्यांनी दुरुस्ती लिहिली. पुन्हा पूर्वीसारखं: रांग लावतानाच शेवटची चिठ्ठी तयार करून ठेवायची, मग वापरात येवो न येवो. आणि वर कारण लिहिलं, साध्या शब्दांत: 'ही चूक माझी आहे.'

शुक्रवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावरची खोली, लांब टेबल, पलीकडे तीन डॉक्टर, कोपऱ्यात वही घट्ट धरून बसलेल्या ताई. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्या, केस पिकलेले. आत्यांनी पाकिटांवरची आकडेमोड टेबलावर पसरली आणि शाळेत गणित सोडवून दाखवावं तसं सगळं सांगितलं. रांग, शेवटची चिठ्ठी, काटकसर. "ताईंच्या स्क्रीनवर हिरवा दिवा होता, कारण माझ्या चुकीमुळे कोणी त्यांना उलट सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

मधल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याकडे हे कोणी तपासत नाही का?"

"तपासतात," आत्या म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे त्यांनी मुळीच पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित बसून राहिलो असतो.

मी उभा राहिलो. "तपासलं मी होतं. दोन गोष्टी एकदम घडू शकतात, हे माझ्या डोक्यात आलं नाही." एवढंच बोललो आणि खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझीच चूक काढली होती आणि ते काम मला अजिबात येत नव्हतं.

डॉक्टर आपसात काहीतरी कुजबुजले. एकाने पाकिटं उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात कोपऱ्यातून ताईंचा आवाज आला. रांग, मेमरी, कर्नल यातलं त्यांना किती कळलं होतं कोण जाणे.

"माझी शनिवारी सकाळची पाळी असते," त्या म्हणाल्या. "उद्या येऊ का मी?"

मधल्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या," ते म्हणाले.

ताईंनी वही उघडली, पेन काढलं आणि तिथेच, आमच्यासमोर, तारीख टाकून तो एकच शब्द लिहून घेतला. आत्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही.